कात्रीचा गुरुवार

कात्री टायला लागणार एवढ्यात टोर्बेनने टाय मुठीत धरला आणि मधमाशीच्या वेशातल्या त्या बाईचा हात झटकला.

"हात लावू नका!"

ट्राममधल्या सगळ्या मधमाश्या, जोकर आणि चेटकिणी खो खो हसल्या.

"अरे बाळा, आजच्या दिवशी कोलोनमध्ये टाय घालून फिरतोस आणि वर आम्हालाच दटावतोस? कुठला रे तू?"

"रोस्टोकचा."

"तरीच! उत्तरेच्या समुद्रावरचा! चेहरा बघा, बर्फात ठेवलेला मासा! टाय दे, एक पापा घे, विषय संपला."

तो पुढच्याच थांब्यावर उतरला आणि तणतणत पायीच निघाला. कार्निव्हलच्या गुरुवारी इथल्या बायका पुरुषांचे टाय कापतात हे त्याला ठाऊक होतं; टीव्हीवर दरवर्षी दाखवतात. पण विद्यार्थ्यांच्या पासावर चालतात तेवढ्या रखडगाड्या बदलत, फलाटांवर बसून घरची उकडलेली अंडी आणि ब्रेड खात तो आला होता आणि वाटभर त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: बापासमोर उभं राहून बोलायचं कसं? जुन्या कपड्यांच्या दुकानातून टाय घेतला होता तो एवढ्याचसाठी, की बापाच्या दारात हात पसरायला आल्यासारखं दिसू नये. बाकी सगळं, आजचा गुरुवारसुद्धा, तो विसरला होता. आणि आता हे अख्खं शहर सकाळपासून बिअर पिऊन नाचत होतं, जसं काही कोणाचं कधी काही बिघडलंच नव्हतं. त्याला त्या शहराचाही राग आला.

त्याचा बाप, उवे बोल्टे, कामासाठी म्हणून कोलोनला आला आणि इथलाच झाला. दुसरं लग्न, दुसरं घर. टोर्बेनच्या वाट्याला वाढदिवसाचा फोन तेवढा उरला. त्याला बहीण आहे, शाळेत जायला लागली आहे, हेसुद्धा त्याला आत्याकडून कळलं. त्याला पैसे नको होते, माफीही नको होती. आपण आहोत हे त्या मुलीला कळावं, एवढंच हवं होतं.

दार उवेनेच उघडलं. अंगावर समुद्री चाच्याचा वेश, गालांवर काळ्या रंगाची दाढी.

"तू? आज? रविवारी ये म्हटलं होतं ना मी?"

"तो रविवार गेल्या वर्षीच होऊन गेला."

"हळू बोल. रोमी आत आहे."

"तिला सांगितलंत?"

"लहान आहे रे ती. योग्य वेळ आली की..."

"मिसरूड फुटायच्या आधीपासून मी तुमची योग्य वेळ बघतोय."

"आज सणाचा दिवस आहे, टोर्बेन. तमाशा नको."

"तमाशा? तोंडाला काजळ फासून कोण उभं आहे?"

तेवढ्यात आतून पावलं धडधडली. लाल पंखांवर काळे ठिपके लावलेली, हातात बोथट कात्री घेतलेली एक पोर बापाच्या काखेखालून बाहेर आली.

"बाबा, टाय! खराखुरा टाय! कोण आहे हा?"

"ऑफिसातले ओळखीचे आहेत," उवे घाईने म्हणाला. "निघालेच आहेत ते."

टोर्बेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडून तो आता घर डोक्यावर घेणार होता. सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. बापाचं नाव, आईचं नाव, सगळं.

"मी कापू?" रोमीने विचारलं.

या शहरात त्याला असं पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. तो खाली वाकला. बोथट कात्रीने टाय कापला जाईना. तिने जीभ दातांत धरली, दोन्ही हात लावले. तिच्या श्वासाला जॅमचा वास होता. कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, केसांचा भोवरा होता. तसाच आरशात त्याला रोज दिसायचा. शेवटी तुकडा सुटला. तिने तो उंचावून नाचवला आणि मग रिवाजाप्रमाणे त्याच्या गालावर चिकट पापा दिला.

त्याचा राग गेला नाही. पण ओरडणं मात्र आता जमणार नव्हतं.

"तुझं नाव काय?"

"टोर्बेन."

"पूर्ण नाव सांग ना."

उवेने मान हलवली; नको, नको. टोर्बेनने ते पाहिलं.

"टोर्बेन बोल्टे."

"खोटारडा! बोल्टे तर आम्ही आहोत!" ती खिदळली आणि बापाकडे वळली. "बाबा, हा चेष्टा करतोय ना?"

उवेने चौकट धरली. गालांवरची काळी दाढी घामाने ओघळायला लागली होती. टोर्बेनने पाठीवरची पिशवी उतरवली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली.

"सांगा ना, बाबा," तो म्हणाला. "मी चेष्टा करतोय का?"