दार धरणारी मुलगी

शाळेचा फोन आला की भिंगरीच्या आईच्या पोटात गोळा यायचा. बस थांब्यासमोर तिचं कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची, कुणाचा फाटलेला खिसा शिवून द्यायचा. मशीनवर टीप मारताना फोन वाजला आणि पलीकडून शाळेच्या कारकूनबाईंचा आवाज आला, की पुढचं वाक्य ऐकायची गरजच नसे. ‘आज हिनं एकाला ढकललंय.’ ‘आज केस ओढलेत.’ ‘मोठ्या सरांनी बोलावलंय.’ मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. मग मशीन तसंच सोडून, गिऱ्हाइकाला “आलेच हं” म्हणून ती पळायची.

भिंगरी तिसरीत होती. हे नाव बापानं ठेवलं होतं, कारण पायावर उभी राहायला लागल्यापासून ती कधी स्थिर अशी दिसलीच नव्हती. हजेरीपटावरचं खरं नाव एव्हाना शाळाही विसरली होती. बाप वायरमन. दिवसभर लोकांच्या घरी शिडीवर. तो शाळेत गेला की मुलीची बाजू घेऊन भांडायचा, “आधी कुणी काढली खोडी, ते विचारा!” आणि घरी आला की मुलीवर आवाज चढवायचा. आई दोन्हीकडे हात जोडून मोकळी व्हायची. दोघांनाही वाटायचं, आपलं कुठेतरी चुकतंय. पण कुठे, ते काही हाती लागत नव्हतं.

वर्षाच्या मध्यात तिसरीच्या जुन्या बाई गाव सोडून गेल्या आणि नव्या आल्या. किडकिडीत, मोठ्या चष्म्याच्या, कायम खांद्यावर पिशवी. त्या आल्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी दुकानात फोन वाजला.

“भिंगरीच्या आई का? मी तिच्या वर्गाची नवी बाई.”

आईनं मशीनचं पायडल सोडलं. “कुणाला मारलं?”

“कुणाला नाही. आज एका मुलाची खडूंची पेटी सांडली. मी काही सांगायच्या आत भिंगरी बाकाखाली शिरली आणि सगळे खडू वेचून तिनं त्याला नेऊन दिले. एवढंच सांगायचं होतं.”

“बरं. मग पुढे?”

“पुढे काही नाही.”

“म्हणजे मी कधी येऊ?”

“यायचं नाहीये हो. तुमचं काम चालू असेल, ठेवते मी.”

आई फोनकडे बघत राहिली. पँट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, “वाईट बातमी का?”

“नाही. म्हणजे… काय आहे तेच कळत नाहीये,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. गिऱ्हाईक बिचारं पैसे ठेवून हळूच निघून गेलं.

संध्याकाळी घरी बापानं ऐकलं आणि मान हलवली. “डाव असणार. आधी गोड बोलायचं आणि मग हळूच दाखला हातात द्यायचा.”

आईनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं भिंगरीला जवळ बोलावलं. “बाईंचा फोन आला होता.”

भिंगरीचे खांदे कानांपर्यंत गेले. “मी काही केलेलं नाही!”

“केलंस की. खडू वेचून दिलेस.”

भिंगरी बघतच राहिली. मग टेबलाखाली जाऊन बसली. थोड्या वेळानं खालून आवाज आला, “आणखी काय म्हणाल्या?” आईनं सगळं पुन्हा सांगितलं. जेवताना तिनं परत विचारलं, झोपतानाही विचारलं. प्रत्येक वेळी आईनं पहिल्यापासून सांगितलं.

पण एका फोननं पोर बदलते थोडीच. पुढच्याच आठवड्यात भिंगरी जिन्यात एका मुलाला चावली.

तो मुलगा वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात हळू चालणारा. सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. मधल्या सुट्टीत रांग खाली उतरत होती, मागून रेटारेटी झाली, प्रोफेसर भिंगरीच्या पाठीवर आदळला आणि ती वळून त्याच्या दंडाला कडकडून चावली. झटापटीत त्याच्या शर्टाची बाही खांद्यापासून उसवली.

मोठ्या सरांच्या खोलीत सगळे जमले. प्रोफेसरची आई दातांची डॉक्टर होती. दवाखान्यातून तशीच आली होती, गळ्यात मास्क लोंबत होता. “दातांचे वळ उठलेत माझ्या मुलाच्या हातावर,” ती म्हणाली. “ही मुलगी त्या वर्गात नको. मी शांतपणे सांगतेय, पण मी शांत नाहीये.”

भिंगरीचा बाप म्हणाला, “जाऊ द्या हो मॅडम, तसे अजून दुधाचेच दात आहेत तिचे.”

“आठ वर्षांच्या मुलीचे पुढचे दात दुधाचे नसतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईनं टेबलाखालून नवऱ्याला असा चिमटा काढला की तो पुढे बैठक संपेपर्यंत बोलला नाही.

मोठ्या सरांनी कपाळ चोळलं. “मलाही आता इलाज दिसत नाही. वर्ष संपेपर्यंत तिला घरी ठेवावं, असं म्हणतो मी. परीक्षेला येऊ दे.”

तेव्हा नव्या बाई बोलल्या. “सर, मुलगी चावली, ते चूकच आहे. त्यात मी काही सारवासारव करत नाही. पण मी आल्यापासून एक बघतेय. ही बाकावर कुणाला मारत नाही. मैदानावर पळताना पडते, उठते, तरी मारत नाही. मारते ती नळापाशी, जिन्यात, दारात. जिथे रांग लागते आणि मागून कुणाचा तरी धक्का बसतो तिथे. मागून कुणी अंगाला लागलं की तिला सोसत नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं आणि तरीही त्या दिवशी मी तिला रांगेच्या मधोमध उभं केलं. तेवढं माझं चुकलं.”

“आणि माझ्या मुलानं काय करायचं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “तिला सोसत नाही म्हणून चावून घ्यायचं?”

“मुळीच नाही. त्याला जिन्यातून निर्धास्त उतरता आलं पाहिजे. ते बघणं माझं काम आहे. मला एक महिना द्या. तेवढ्यात पुन्हा असं झालं, तर सर म्हणतील ते मला मान्य.”

भिंगरीची आई बाईंकडे बघत होती. शाळेच्या त्या खोलीत ती कितीदा तरी बसली होती, पण तिच्या लेकीबद्दल ‘कधी’ आणि ‘कुठे’ हे प्रश्न आजवर कुणी विचारलेच नव्हते. तिनं स्वतःसुद्धा नाही.

“एक महिना,” मोठे सर म्हणाले. डॉक्टरीणबाई उठून गेल्या; हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीला काम मिळालं. रांग निघाली की सगळ्यात आधी पुढे जायचं, दार उघडून धरायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि शेवटचं मूल बाहेर पडलं की, “झाले सगळे!” असं ओरडून दार लावून घ्यायचं. ओरडायची मुभा होती, याचंच भिंगरीला फार अप्रूप. भिंतीला पाठ असल्यामुळे मागून कुणी लागायचा प्रश्नच उरला नाही. आणि बाईंनी तिच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. कुणी खेटलं की हात उचलायचा नाही, मोठ्यानं म्हणायचं, “मला जागा दे.” घरी ती भिंतीला, कपाटाला, बापाला, सगळ्यांना हे वाक्य म्हणून दाखवत होती. बाप शिडी घेऊन दारातून आत शिरला की, “मला जागा दे!” तो मुकाट्यानं शिडी उभी करायचा.

पण बाईंचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी भिंगरीला आणि प्रोफेसरला समोरासमोर बसवलं. प्रोफेसरला विचारलं, “तुझं जे नुकसान झालं, ते भरून निघायला हिनं काय करावं असं तुला वाटतं?”

प्रोफेसरनं बराच विचार केला. “माझा शर्ट,” तो म्हणाला. “तो मला आवडायचा.”

भिंगरी शर्ट घेऊन दुकानात आली आणि आईपुढे टाकला. “तू नाही शिवायचास. मीच शिवायचाय. बाईंनी सांगितलंय.”

मशीनवर ते काम बसल्या बसल्या झालं असतं. आईनं हात आवरला. सुईत दोरा कसा ओवायचा, गाठ कशी मारायची, टाका कुठून काढून कुठे घालायचा, एवढंच दाखवलं आणि आपल्या कामाला लागली. भिंगरी खाली चटईवर बसून शिवू लागली. बोटाला सुई टोचली, ती किंचाळली, दोरा तोडला, सगळं उसवलं, परत ओवलं. बाहेर बस येत होत्या, जात होत्या. आईनं एकदा तिरक्या नजरेनं पाहिलं तर पोर जीभ बाहेर काढून टाका घालत होती आणि तिचे पाय हलत नव्हते. आईनं मशीन चालवायचं थांबवलं, आवाजानं तिचं लक्ष उडू नये म्हणून.

बाही जोडली गेली, पण जरा वर चढली. उलट्या बाजूनं पाहिलं तर गाठींचा नुसता गुंता. प्रोफेसर दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून आला.

नंतर एका संध्याकाळी डॉक्टरीणबाई दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. भिंगरीच्या आईच्या हातातला कापडावर खुणा करायचा खडू खाली पडला. “आता काय केलं तिनं?”

“तिनं काही नाही. माझ्या मुलानं केलंय. शर्ट धुवायला टाकू देत नाही. माझ्या शर्टाला टाके पडलेत, असं सगळ्यांना सांगत फिरतोय. मी रोज लोकांना टाके घालते, पण इतकं कौतुक अजून कुणी केलं नाही.” आधी त्या हसल्या, मग भिंगरीची आईही. मग डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून दोन पांढरे एप्रन काढले. “हे जरा ढगळ होतात. कमरेत घेऊन द्याल का?”

भिंगरीच्या आईनं गळ्यातली टेप काढून माप घेतलं. कमरेभोवती टेप धरलेली असताना डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “त्या दिवशी मी फार बोलले.”

“तुमच्या जागी मी असते तर याहून जास्त बोलले असते,” आई म्हणाली. आणि ते खरंच होतं.

महिना गेला. पुन्हा चावण्याचा प्रकार झाला नाही. भिंगरी अगदी साधुसंत झाली असं मात्र कुणी समजू नये. एकदा नळापाशी तिनं एका मुलीला ढकललंच. पण बाईंनी कारण विचारायच्या आधी स्वतःच जाऊन सांगितलं, “मी ढकललं. वाक्य म्हणायला विसरले.” त्या मुलीची पाण्यात पडून भिजलेली वही तिनं उन्हात एकेक पान वेगळं करून वाळवली. बाईंनी तेही फोन करून कळवलं, खडूंचं सांगितलं होतं त्याच आवाजात. आईनं ऐकलं, “बरं बाई,” म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा टीप मारायला लागली. मग तिच्या ध्यानात आलं की या वेळी पोटात गोळा आलाच नव्हता.

वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी ती आणि नवरा दोघं मिळून शाळेत गेली, न बोलावता, पहिल्यांदाच. बाई रिकाम्या वर्गात बाकांवरचा वाळलेला डिंक खरवडत होत्या. भिंगरी त्यांना मदत करत होती, म्हणजे डिंकाचे तुकडे गोळा करून खिशात भरत होती.

आईनं काय काय बोलायचं ते मनात नीट जुळवून आणलं होतं. दारात पाय ठेवला आणि सगळं विसरली. “बाई,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या मुलीकडे नीट बघितलंत.”

बाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. “तुम्ही दोघं दर वेळी आलात. भांडायला का होईना, आलात. पोराच्या मागे घर उभं असलं की बाईला बळ येतं. मीसुद्धा तुमचे आभार मानायचं ठरवलं होतं.”

बाप वर बघू लागला. फळ्यावरची ट्यूब फडफडत होती. “हिचं स्टार्टर गेलंय,” तो म्हणाला. खिशातून टेस्टर काढला, चपला काढल्या आणि बाकावर चढला. बाई नको नको म्हणेपर्यंत त्यानं खोलीतलं बटण बंद करायला सांगितलं, आपल्या पिशवीतलं नवं स्टार्टर काढलं आणि बसवलंसुद्धा.

तेवढ्यात दारात मोठे सर आले. “खाली उतरा! बाकावर चढायचं नाही. हा नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“चुकलं सर,” बाप म्हणाला आणि मुकाट्यानं उतरला.

भिंगरी इतकी हसली, इतकी हसली की जमिनीवरच बसली. मोठ्या सरांनी गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण त्यांनाही ते जमलं नाही. बाईंनी बटण दाबलं. ट्यूब लख्ख लागली. आईनं पदरानं डोळे पुसले, बाईंनी खाली ठेवलेली पट्टी उचलली आणि पुढच्या बाकावरचा डिंक खरवडायला बसली.