पुढच्या सीटची कुरकुर

सासरे अंगाने भारदस्त. गाडीत बसले की पुढची सीट कुर्र करायची, आणि खड्डा आला की पुन्हा. मुलाच्या मित्राने एकदा मागून म्हटलं, "काका, सीट बिचारी रडकुंडीला आलीय!" सगळे हसले, सासरेही हसले. पण त्यानंतर गाडी काढली की त्यांना नेमकं काहीतरी काम निघायचं. त्यांच्या मोठ्या बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला आज जरा बरं नाही."

सुनेच्या लक्षात आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्यांच्या मनातही नसेल ते." तिने त्याला पटवायचा नाद सोडला. रविवारी सकाळी गाडीचं दार उघडून तिने हाक मारली.

"बाबा, जरा येता? हा आवाज कुठून येतो तेच कळत नाही. तुमचा कान लागेल."

सासऱ्यांनी सारी हयात शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात घालवली होती. ते आले, पण चार हात लांबच उभे राहिले. "माझ्या वजनाने येतो. त्यात ऐकायचं काय?"

"मग मी बसते." ती बसली, पुढेमागे झुलली. कुर्र!

सासरे चमकले. "तुझ्या वजनानेपण?"

"ऐकताय ना!"

झालं, त्यांच्या अंगात जुना कारागीर संचारला. "सावकाश झूल. डावीकडे. थांब." रस्त्यावर चादर अंथरून ते चक्क गुडघ्यांवर बसले, दारातून वाकून डोकं सीटखाली घातलं. "सीट सरकते त्या रुळाचा नट ढिला आहे, पण आवाज त्याचा नाही. ढिला नट खडखडतो, कुरकुरत नाही. ही कुठलीतरी तार घासतेय. बॅटरीचा उजेड धर."

गादीखालची एक स्प्रिंग सांगाड्याला घासत होती. घासून घासून तिथला रंग उडाला होता, लोखंड चकाकत होतं. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये सरकवला, तारेने बांधला, नट आवळला, रुळांना ग्रीस लावलं. हात कोपरापर्यंत काळे झाले.

"आता तुम्ही बसा," सून म्हणाली.

ते हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले. मग श्वास रोखून बसले. काही नाही. जोरात टेकले. काही नाही. मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले.

उतरताना मात्र कट्‌ असा आवाज झाला. दोघंही थबकली.

"हा माझ्या गुडघ्याचा," सासरे म्हणाले. "याला ट्यूब नाही लागत."

सून हसून हसून बॉनेटवर ओणवी झाली. दुपारी ती गाडी काढायला आली, तर सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आधीच पुढे बसले होते. "ताईला फोन करून सांगितलंय," ते म्हणाले, "चहा टाकून ठेव म्हणून."