अंगणातलं अंडं

सुहासिनीबाईंनी चिमट्याने अंडं उचललं आणि गार पाण्यात सोडलं. अंगणात, तुळशीपासून लांब, त्यांनी त्यासाठी वेगळी शेगडी मांडली होती. भांडं वेगळं, चिमटा वेगळा. सोलायचं काम मुलीचं, हेमलताचं. त्या स्वतः नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड करून बसत.

"औषध म्हणून घे रे श्रीरंग. चव नको पाहू."

श्रीरंगने दोन घासांत अंडं गिळलं, वर दूध प्यायलं, माशाच्या तेलाच्या दोन गोळ्या घेतल्या आणि भोंगा व्हायच्या आत सायकल काढली. लढाई सुरू झाल्यापासून तोफांच्या फॅक्टरीत बारा तासांची पाळी होती.

दसऱ्यानंतर नागपूरहून मुलीकडचे त्याला बघायला यायचे होते. त्यांना पाठवलेला फोटो तीन वर्षांपूर्वीचा. त्यात श्रीरंगच्या कपाळावर केसांचा झुपका होता. आता कपाळ दोन्ही बाजूंनी वर सरकलं होतं. आधीच्या दोन स्थळांनी त्याला पाहिलं, चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही.

"लोखंडाच्या धुळीनं केस गेले," आई म्हणायची. "आपल्या घराण्यात टक्कल कोणालाच नाही. अंगात ताकद आली की येतील."

घरात येणाऱ्या दुधातलं अर्धं श्रीरंगला जाई, उरलेलं चहाला. हेमलता पहाटे उठून स्वयंपाक करी, राइट टाउनच्या शाळेत शिकवी, संध्याकाळी जवानांसाठी स्वेटर विणी. शाळेचा जिना चढताना हल्ली तिला मध्येच थांबावं लागे. मग ती हातातल्या वह्या सारख्या करत उभी राही.

अंडं सुरू करून दोन महिने झाले तरी फरक दिसेना. रविवारी श्रीरंग डॉक्टरांकडे निघाला.

"तू चल ना," तो हेमलताला म्हणाला. "मला एकट्याला लाज वाटून राहिली."

"लाज? सकाळ-संध्याकाळ आरसा पुसून राहिला, तेव्हा नाही वाटत?"

पण ती गेली.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी श्रीरंगचं डोकं खिडकीकडे वळवलं.

"पिताजी के बाल कैसे थे?"

"वो तो सिर मुँडवाते थे, डॉक्टर साहब. पूजापाठवाले थे. बस चोटी रखते थे."

"और दादाजी?"

"वो भी."

डॉक्टर हसले. "तो फिर किसको पता!"

भावा-बहिणीने एकमेकांकडे पाहिलं. दर पंधरा दिवसांनी न्हावी ओट्यावर यायचा, बाबा मान खाली घालून बसायचे. त्या गुळगुळीत डोक्यावर काय उगवलं असतं, हा प्रश्न घरात कोणाला पडलाच नव्हता.

"देखो भैया, दूध-अंडा खाओ, सेहत के लिए अच्छा है. पर ये खानदानी मामला है, खाने से नहीं रुकेगा." मग त्यांनी चष्म्यावरून हेमलताकडे पाहिलं. "तुम इधर आओ बेटी. हाथ दिखाओ."

तिचा तळवा त्यांनी आपल्या तळव्याशेजारी धरला. खालची पापणी ओढून पाहिली.

"तुम्हारे कब से झड़ रहे हैं?"

तिने वेणी पदराखाली ओढली.

"खून नहीं है इसमें," डॉक्टर श्रीरंगला म्हणाले. "इसको खिलाओ. इसके आ जाएँगे."

परतताना श्रीरंग सायकल हातात धरून चालत होता. सराफ्याच्या तोंडाशी फोटोवाल्याचं दुकान उघडं होतं. तो थांबला.

"नवा फोटो काढतो. नागपूरला पाठवून देऊ. यायचे ते येतील."

"आई रडेल."

"रडू दे. तू बाकावर बस, चालू नको जास्त."

घरी त्याने आईला सगळं सांगितलं. नव्या फोटोचंही. नागपूरचं बाजूला ठेवून सुहासिनीबाईंनी हेमलताला हाक मारली.

"इकडे बैस. पाठ कर."

वेणी सोडली. पूर्वी एका मुठीत मावत नसे. त्यांनी बोटांनी भांग पाडला आणि बोटं तिथेच राहिली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"काहून नाही सांगितलंस?"

"तू दादाचं करून राहिली होतीस ना."

बाईंनी मांडीवर गळलेले केस एकेक करून वेचले. वेणी मात्र त्यांना पुन्हा घालता येईना. तीन पेड करायचे आणि सोडायचे, असं बराच वेळ चाललं.