सोडलेला मासा

तिसऱ्या दिवशीही निमिष साहेबांच्या हातून मासा निसटला, आणि त्यांनी नेहमीसारखं वळून जमालुद्दीनकडे बघितलं.

"बोट हलवलीस तू."

जमालुद्दीननं बोट हलवली नव्हती. वल्ह्याचा बांबू वाळूत रोवून तो पुतळ्यासारखा उभा होता, आणि गुडघाभर पाण्यात बोट अशी धरून ठेवायला काय लागतं हे साहेबांच्या सात पिढ्यांना कळलं नसतं. पण चोपन्नाव्या वर्षी, मुलाच्या वयाच्या माणसाकडून 'तू' ऐकून घ्यायचं आणि त्याला 'तुम्ही' म्हणायचं, ह्याचा सराव त्याला तीन दिवसांत झाला होता.

निमिष साहेब पुण्याचे. सौदीतल्या अल-खोबरला मोठ्या हुद्द्यावर इंजिनिअर. विमानानं तबूकला, तिथून अडीच तास गाडीनं ह्या किनाऱ्यावरच्या कॅम्पला आले ते गळाला पिसांच्या खोट्या माश्या लावून मासे धरायला. ऊन, रेती आणि तांबडा समुद्र, बाकी इथे काही नाही. पहिल्याच संध्याकाळी आपला बोटवाला दाभोळच्या खाडीवरचा, मराठी बोलणारा निघाला म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. साहेबांना वाटलं, आपल्याला फसवलं. एवढे पैसे मोजून गोरा गाइड मिळायचा सोडून हा रत्नागिरीचा म्हातारा!

"गाइड म्हणून कधीपासून आहेस?" त्यांनी विचारलं होतं.

"महिना झाला. त्याआधी बोट चालवायचो. मासेमारी लहानपणापासून."

"जाळ्याची?"

"जाळ्याची, आणि गरवायचीही. हातात दोरी, दोरीला गरी, तुमचा गळ."

"ती वेगळी गोष्ट. मी सहा वर्षं स्कॉटलंडला होतो. तिथल्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यात सी-ट्राउट धरायचो, ह्याच गळाच्या काठीनं. ते शास्त्र आहे. तू फक्त बोट सांभाळ. काठीतलं मला सांगायचं नाही."

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं जमालुद्दीनला. आणि म्हणूनच पहिल्या दिवशी पहिला मासा सुटला, तेव्हा तो का सुटला हे डोळ्यांसमोर दिसत असूनही त्यानं तोंड उघडलं नाही.

कारण अगदी साधं होतं. माशानं माशी तोंडात घेतली की साहेब काठी झटकन वर उचलायचे. सी-ट्राउटला ते चालत असेल. इथला मासा टणक तोंडाचा, अंगावर धावून येणारा. काठी उचलली की माशी त्याच्या तोंडातून अलगद बाहेर यायची. काठी पाण्याच्या रोखानं खालीच ठेवायची आणि डाव्या हातानं दोर थेट मागे खेचायचा, एक कडक हिसका, बस्स. हाताच्या दोरीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकावं लागत नाही. साहेबांच्या शास्त्रात ते नव्हतं. जमालुद्दीननं पहिल्या दिवशी चार मासे सुटताना पाहिले, दुसऱ्या दिवशी तीन, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी त्याला आतून गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या रात्री मात्र त्या गुदगुल्या बंद झाल्या. कॅम्पचा सौदी मॅनेजर अदनान मेसमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसला आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "जमाल, दो गेस्ट खाली हाथ गया. ये तीसरा. ये भी खाली गया तो खलास. कफील बोला, अल सुलै वापस."

जमालुद्दीननं हातातला घास ताटात परत ठेवला. रियाधच्या अल सुलै भागात कफीलचं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो आला होता त्या मालकाचं, कोल्ड स्टोरेज होतं. तिथे त्यानं दोन वर्षं काढली होती. उणे अठरात खोकी उचलायची, आणि समुद्र म्हणजे खोक्यावर छापलेलं निळं चित्र. खाडीवर जन्मलेला माणूस दोन वर्षं वाळवंटाच्या मधोमध गोठलेल्या माशांवर चिकटपट्ट्या लावत होता. बोटींसाठी माणूस हवा हे कळल्यावर त्यानं कफीलच्या मुनशीच्या अक्षरशः पायावर डोकं ठेवलं होतं. परत तिथे जायचं म्हणजे त्याच्या दृष्टीनं जिवंतपणी मातीत जाणं होतं.

म्हणून आज, बोट हलवल्याचा आळ पचवून, त्यानं सगळा राग गिळला आणि तोंड उघडलं.

"साहेब, एक सांगू? काठी उचलू नका. दोर हातानं खेचा."

निमिष साहेब हसले. "तीन दिवसांनी आठवलं का तुला? की रिकामा चाललोय बघून भीती वाटली?"

"तुम्हीच म्हणालात, काठीतलं सांगायचं नाही."

"म्हणजे माहीत होतं, आणि गंमत बघत होतास!" साहेबांच्या गळ्याची शीर ताठ झाली. "मी लिहिणार आहे हे. संध्याकाळी रिव्ह्यूमध्ये शब्दन् शब्द लिहिणार."

झालं! खरं बोलल्याची ही शिक्षा. त्यानं मुकाट्यानं बांबू रेटला आणि बोट वाळूच्या पट्ट्याच्या कडेला नेली, जिथे पाणी एकदम गडद होत जातं. त्या माणसाचा त्याला इतका तिटकारा आला होता की त्याची पाठसुद्धा बघवत नव्हती. आणि ह्याच पाठीवर आता आपली रोजीरोटी टांगली आहे, ह्याचा त्याहून जास्त.

दुपारी दोनच्या सुमारास तो आला. कोकरीच्या जातीचा, रुंद कपाळाचा, काळसर पाठीचा मासा गडद पाण्यातून पट्ट्यावर चढला आणि पाणी फाडत सरळ माशीवर सुटला. साहेबांचा उजवा हात सवयीनं वर जायला लागला.

"उचलू नको!" जमालुद्दीन ओरडला. 'साहेब' नाही, 'तुम्ही' नाही. "खाली ठेव! खेच, हातानं खेच!"

निमिषनं खेचलं. दोर ताणला, काठी वाकली, रीळ किंचाळत फिरायला लागलं. पुढची पंधरा मिनिटं दोघंही भांडण विसरून गेले. जमालुद्दीन ओरडत होता आणि साहेब निमूट ऐकत होते. मासा दमून बोटीजवळ आला तेव्हा जमालुद्दीननं पाण्यात उडी घेतली आणि शेपटीच्या बुडाशी त्याला पकडलं. चार-साडेचार किलो नक्की. गाइड म्हणून त्याच्या हातात आलेला हा पहिला मासा. तीन दिवसांचं ओझं छातीवरून उतरलं आणि त्याला एकदम रडायलाच आलं.

आणि त्याच आनंदात त्याच्या हातानं घात केला.

दाभोळला दोरीवर मासा आला की आधी त्याची मान मोडतात. अंगठा कल्ल्यात, डोकं मागे, एक झटका. रक्त निघून जातं, मांस कडक राहतं. बाराव्या वर्षापासून जमालुद्दीननं हे हजारो वेळा केलं होतं. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नव्हता, आणि आत्ताही त्यानं तो केला नाही. कट्‌ असा आवाज झाला. मासा थरथरला आणि लुळा पडला.

वर बोटीत निमिष साहेब मोबाईल काढत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"काय केलंस हे?"

जमालुद्दीननं हातातल्या माशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा, हा कॅम्पचा पहिला नियम. मासा मारणाऱ्या गाइडला त्याच दिवशी काढतात.

"हातानं केलं, साहेब. मी नाही केलं."

हे बोलणं किती खुळं आहे ते त्याचं त्यालाच कळलं.

साहेबांनी चारी दिशांना पाहिलं. दुसरी बोट कुठेच नव्हती.

"ऐक," ते थंडपणे म्हणाले. "मी हे सांगितलं तर तू उद्या बाहेर. आणि मी तीन दिवसांनी मेलेला मासा घेऊन परत. माझ्या ग्रुपवर चाळीस लोक वाट बघतायत. तेव्हा त्याला पाण्यात धर. कल्ल्यावर हात ठेव, लाल दिसू देऊ नकोस. पुढे-मागे हलव आणि सोड. मी शूट करतो."

"मेलेला मासा सोडायचा?"

"मग काय करणार? पुरणार?"

"खाऊ या साहेब. निदान कुणीतरी खाईल. मारलेलं अन्न पाण्यात टाकायचं म्हणजे..."

"कॅम्पवर मासा घेऊन गेलास की संपलं. तुला अल सुलैला जायचंय का? काल मेसमध्ये मी मागच्याच टेबलावर होतो. सगळं ऐकलंय मी."

जमालुद्दीनच्या अंगाची लाहीलाही झाली. हा माणूस कालपासून ते जाणून होता, आणि तरीही सकाळी रिव्ह्यूची धमकी देत होता. क्षणभर त्याला वाटलं, मासा त्याच्या तोंडावर फेकावा आणि सरळ रियाधची वाट धरावी. मग त्याला ती खोकी आठवली. त्यानं खाली वाकून मासा पाण्यात धरला.

"चेहरा हसरा ठेव," वरून आवाज आला. "हां. हळू. आता सोड."

त्यानं मासा पुढे सरकवला, हाताच्या जोरानं जरा ढकललाच. दोन हात तो सरळ गेला. मग कुशीवर कलंडला आणि तळाच्या पांढऱ्या वाळूवर जाऊन पडला. तोवर शूटिंग थांबलं होतं. जमालुद्दीन तिथेच कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि त्यानं साहेबांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, ज्या त्यानं उभ्या आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या. त्यानं काही भागेना. शेवटची शिवी त्यानं स्वतःलाच दिली.

संध्याकाळी साहेबांनी पाच स्टार दिले. निघताना जमालुद्दीनचा हात मात्र त्यांनी हातात घेतला नाही.

आठ दिवसांनी अदनाननं नव्या भरतीच्या पाच जणांना मेसमध्ये बसवलं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तोच व्हिडिओ लावला. साहेबांनी टाकला होता तो, आणि हजारो लोकांनी पाहिला होता. "देखो जमाल का हाथ," अदनान म्हणाला, "कितना प्यार से छोडता है. ऐसा मंगता." त्यानं तो तीनदा दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जमालुद्दीननं मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं, माणूस किती साधा आहे.

"यल्ला जमाल, बताओ सबको."

तो उठला. मासा पाण्यातच धरायचा, त्यानं सांगितलं, घाई करायची नाही, आणि तो आपणहून जाईपर्यंत हात काढायचा नाही.

उमैर नावाच्या हैदराबादच्या बोटवाल्यानं विचारलं, "और चाचा, वो गया इच नहीं तो?"

"तो कॅमेरा बंद करने का," जमालुद्दीन म्हणाला.

सगळे खो खो हसले. अदनान सगळ्यांत जास्त हसला, आणि हसता हसताच त्यानं जमालुद्दीनची पुढच्या दोन वर्षांची नेमणूक पक्की झाल्याचं जाहीर करून टाकलं.