सत्यशीला लोखंड भांडार

पालमच्या ईश्वरअप्पांनी कालपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. गळ्यातलं इष्टलिंग परसातल्या आडात पडलं होतं, आणि लिंगपूजा झाल्याशिवाय घशाखाली काही उतरवायचं नाही हा त्यांचा नेम. लिंग सापडलंच नाही तर? लिंग गेलं की प्राणही सोडायचा, असं जुन्या माणसांनी सांगून ठेवलं होतं; ते त्यांची बायको भागम्मा मनातसुद्धा आणत नव्हती.

लिंगाचा दोरा विरलेला तिला कधीचा दिसत होता. "जंगमस्वामी येतील, त्यांच्याच हातानं नवा बांधू," म्हणत नवरा थांबला. त्यात दुष्काळ, स्वामींची फेरी लांबली. काल अप्पा पाणी शेंदायला वाकले आणि दोरा तुटला.

आता बौद्धवाड्यातले किशनराव आडात उतरले होते. त्यांची बायको सत्यशीला वर टोपली ओढत होती. हे जोडपं विहिरींचा गाळ उपसायचं.

"आपल्या आडात यांना उतरवलं, दादा?" धाकटा दीर सिद्धलिंग कुरकुरला.

"मंग तुमी उतरा की, भाऊजी," सत्यशीला म्हणाली. "धोतर तेवढं सांभाळा!"

टोपल्यांतून गाळापेक्षा लोखंडच जास्त निघू लागलं. बादल्यांचे बूड, साखळ्या, गळ, रहाटाची कडी. "तुमच्या पणज्यानं दुकान मांडलं व्हतं का हितं?" खालून किशनराव ओरडले. टोपलीत काही खणकलं की भागम्माचा जीव उसळायचा, आणि तसाच खाली बसायचा. ओट्यावर नवरा डोळे मिटून बसलेला. ओठ पांढरे पडलेले. ती आपल्या गळ्यातलं लिंग मुठीत धरून पुटपुटत राहिली.

सत्यशीला चिखलाची मूठ न् मूठ चिवडून पाहत होती. एकाएकी तिचा हात थांबला. बोटांत काळंभोर, सुपारीएवढं काही होतं. ती ओट्यापाशी आली आणि अवघडली.

"अप्पा, हातातून घेता, का भुईवर ठेवू?"

लिंग भुईवर ठेवणं पाप. आणि सिद्धलिंग तर तोंड उघडायच्याच बेतात. नवऱ्यानं 'विटाळलं' म्हटलं, तर नवं लिंग द्यायला स्वामी कधी येणार? तोवर हा माणूस टिकेल का?

ईश्वरअप्पांनी ओंजळ पुढं केली.

पूजा झाली, पाणी घशाखाली उतरलं, तेव्हा कुठं भागम्मानं मुठीतलं लिंग सोडलं.

भिंतीशी पडलेल्या ढिगाकडं बघत किशनराव म्हणाले, "अप्पा, गावोगावच्या आडात असंच पडलंय. पाणी आटलंय तवर निघंल." अप्पांच्या भुसारच्या दुकानात वर्षभर रिकामी पोतीच होती. दोघांनी ते लोखंड काढून विकायची भागी केली.

पाटी रंगवायची वेळ आली. "देवाचं नाव टाक," सिद्धलिंग म्हणाला. अप्पांनी रंगाऱ्याला 'सत्यशीला लोखंड भांडार' सांगितलं. ऐकून सत्यशीला धावत आली.

"माझं नाव कशाला रंगवायलाव? उद्या कुनी दगड मारला मंजी?"

"लोखंड मारलं तर तोलून घेऊ," अप्पा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. पाटीकडं, मग रस्त्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "नाव माझं. मंग भागी एकल्या ह्यांचीच का?"

अप्पांच्या आधी भागम्माच पुढं झाली.

"तुमच्या दोघांची, बाई."

सत्यशीला रंगाऱ्याकडं वळली. "मंग अक्षरं मोठी काढा."