रेललेलं खोड

त्या रविवारी ऊन कडक होतं, म्हणून बाबा रानात कॅमेरा लावून दोन तास ढगाची वाट बघत बसले. आठवडाभर दुकानात लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस तिथे मात्र घड्याळाकडे ढुंकूनही बघत नसे. उन्हात झाडांखाली नुसते काळे-पांढरे ठिपके पडतात, ढग आला की सालीची रेघन्‌रेघ दिसते, हे त्यांनी लेकीला शंभरदा ऐकवलं होतं. कॅमेरा रोखला होता एका वठलेल्या खोडावर. ते कलंडून शेजारच्या हिरव्या झाडावर रेललं होतं. लेकीला डासांनी फोडून काढलं होतं.

"चांगल्या झाडासमोर कुठे तडमडलंय ते," ती म्हणाली. "उरका ना, बाबा. घरी कॉम्प्युटरवर पुसून टाकू."

"त्याच्यासाठीच तर बसलोय, बाई."

ती फणकाऱ्याने गाडीत जाऊन बसली. यथावकाश ढग आला, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करता करता बाबा कोसळले, ते गेलेच.

महिन्याभराने बाबांच्या छायाचित्र मंडळाने घरून त्यांचा कॅमेरा नेऊन त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. दारातून आत शिरताच तिला तो फोटो दिसला, चांगला मोठा करून टांगलेला. झाड हिरवंगार, वरून सोनेरी किरणं उतरलेली. खोडाचा पत्ता नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष, बाबांचे वीस वर्षांचे मित्र, लगबगीने पुढे आले. फोटो जरा उदास वाटत होता, थोडी साफसफाई केली, असं कौतुकाने सांगू लागले. आजूबाजूची मंडळी माना डोलावत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने दोन तास ऊन टाळलं, त्याच्याच माथी यांनी तो गेल्यावर ऊन मारलं होतं.

"काका, हा उतरवा."

"अगं, एवढं काय? तो ओंडका मध्येच तडमडला होता."

शब्द तिचेच होते.

तिने स्वतःच फोटो उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"मूळचा लावा. खोडासकट," ती म्हणाली. "पुसून टाका, असं मीही त्यांना म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

ती उघड्या खिळ्याकडे बघत राहिली.

"बाबा, चुकलं माझं. तुमच्याजवळ बसायला हवं होतं मी."