पायाकडची ओल

कारखान्यात तिला सगळे 'काटा' म्हणायचे. एक तर तिच्या खिशात कायम छोटा वजनकाटा असायचा, आणि दुसरं म्हणजे बोलणं टोचरं. एकदा मालकाने मोठ्या कौतुकाने नवा तंबू तिच्या हातात दिला आणि हलका आहे की नाही, असं विचारलं. ती म्हणाली, पिशवी हलकी आहे, तंबूचं मी सांगते मागाहून. तेव्हापासून कुठलाही नमुना काट्याने डोंगरावर दोन-तीन मुक्काम करून, आकडे लिहून दिल्याशिवाय विक्रीला जात नसे.

तिला या कामाला लावलं ते आत्याने. आत्या तिथे बावीस वर्षं मशीनवर होती आणि तिची शिवण म्हणजे आखीव रेघ. आतोबा तिथेच कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर कापड पसरून, वर खाकी कागदाचा साचा ठेवून ते कात्री चालवायचे तेव्हा बायका मशीन थांबवून बघत बसायच्या. सहा वर्षांपूर्वी सुट्टी काढून ते एकटेच डोंगरात गेले आणि परत आले नाहीत. शोधाशोध झाली, पण त्यांचा तंबू मिळाला नाही, पिशवी मिळाली नाही, काहीच मिळालं नाही. आत्या पंधरा दिवसांनी कामावर आली. त्यानंतर कारखान्यात तिच्यासमोर हा विषय कुणी काढला नाही.

या वेळचा नमुना आत्यानेच आणला होता. एकट्या माणसाचा, एकाच थराचा, चालायच्या काठीवर उभा राहणारा. दाराकडे उंच आणि मागे शेपटासारखा उतरत गेलेला. बाईंनी घरी बसून डोकं चालवलेलं दिसतंय, असं मालक म्हणाला आणि त्याने फार चौकशी केली नाही. मेखा-दोऱ्यांसकट तंबू सहाशे चाळीस ग्रॅम भरला. काट्याने दोनदा वजन केलं, कारण इतक्या हलक्या कापडावर इतकी नेटकी शिवण तिने पाहिली नव्हती. तंबू देताना आत्याने तो कसा लावायचा ते सांगितलं: आधी शेपटाची मेख, मग दाराच्या दोन, मग काठी, आणि बाकीच्या तीन मेखा शेवटी. एवढं झाल्यावर परत कधी येणार, हे मात्र तिने दोनदा विचारलं. एरवी ती एकदाही विचारत नसे.

काट्याने निवडलेला डोंगर आतोबा गेले त्या बाजूचा नव्हता, अगदी उलट दिशेचा होता. वर एक मोकळी सोंड होती आणि तिच्या टोकाला वणव्यावर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याची दगडी खोली. दुपारी चारला तिने तंबू लावायला घेतला. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली, दुसऱ्या खेपेला सहा, तिसऱ्या खेपेला साडेचार. कापड ढोलासारखं ताणलं गेलं, कुठे सुरकुती नाही. शिवणीवर दोन बाटल्या पाणी ओतलं, आत थेंब नाही. आत मांडी घालून बसलं की डोकं आणि छत यांत दोन बोटं उरत होती. आडवं झालं की दोन्ही खांद्यांशी वीतभर जागा. एकट्याचा तंबू म्हणजे अंगातला सदराच, त्यात दुसऱ्याने शिरायचं म्हटलं तरी शिरता यायचं नाही. तिने हे सगळं लिहून ठेवलं. तिला नमुना आवडला होता, पण कारखान्यात हे लगेच कळू द्यायचं नाही असंही तिने ठरवून टाकलं.

एकाच थराच्या तंबूला पावसापेक्षा आतल्या माणसाचाच त्रास जास्त. झोपलेला माणूस श्वास सोडतो, तो गार कापडावर बसून ओल धरते आणि सकाळी अंगावर ठिबकते. म्हणून काटा उठल्याबरोबर एका कोरड्या फडक्याने तंबू आतून पुसायची आणि फडकं तोलायची. तिचा एकटीचा श्वास साधारण एकशे सत्तर ग्रॅम भरायचा. वर्षानुवर्षांचा आकडा होता, पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे.

संध्याकाळी धुकं चढलं. ती दाराकडे डोकं आणि शेपटाकडे पाय करून झोपली, सगळे झोपतात तशी. झोप छान लागली. पाय मात्र रात्रभर ऊबदार होते, आणि तिचे पाय तर बारा महिने बर्फ.

सकाळी फडकं तोललं तर तीनशे चाळीस.

काट्यावर बोट आपटून तिने पुन्हा तोललं. तेवढंच. मग तिच्या लक्षात आलं की डोक्यावरचं छत नेहमीसारखं ओलं होतं, पण शेपटाकडचं कापडही तितकंच ओलं होतं, जिथे एरवी नुसता दमटपणा असतो. धुकं होतं, वारा नव्हता, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने जागा बदलली. सोंडेच्या माथ्यावर, वाऱ्याच्या तोंडी तंबू लावला, खालची कड चार बोटं उचलून ठेवली आणि दोन वेगळी फडकी घेतली. त्या सकाळी डोक्याकडचं फडकं एकशे पासष्ट भरलं आणि पायाकडचं एकशे सत्तर. आदल्या रात्री धुकंही नव्हतं. ती उकिडवी सरकत शेपटाकडे गेली. पायाकडची ओल सगळीकडे पसरलेली नव्हती. कापडावर ताटलीएवढा एक गोल होता, जमिनीपासून वीतभर वर, डाव्या अंगाला. कुशीवर झोपलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथेच. तिच्या डोक्याशी जसा गोल होता, हुबेहूब तसाच.

खाली उतरून जायचं तिच्या मनात आलं. पण अर्धवट आकडे घेऊन परत जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळी तिने तंबू आतून कोरडाठाक पुसला, चेन लावून बंद केला आणि आपली पथारी घेऊन पहारेकऱ्याच्या खोलीवर गेली. म्हातारा सोबतीला आसुसलेला होता. त्याने खाट तिला दिली आणि स्वतः चुलीपाशी अंथरूण टाकलं. तंबू वाऱ्यावर आणि तंबूवाली खाटेवर, ही परीक्षा कुणाची म्हणायची, असं तो हसत म्हणाला. तिने खरं कारण सांगितलं नाही. नुसती ओल मोजायची आहे म्हणाली.

उजाडल्यावर तोही तिच्या मागे मागे आला. तंबू होता तसाच उभा होता, चेन बंद, मेखा घट्ट. काटा दारापाशी वाकणार इतक्यात म्हातारा मागे खाकरला. घसा साफ करायला नाही. कुणाच्या घरात पाऊल टाकण्याआधी वर्दी द्यायला माणूस खाकरतो, तसा. मग तोच गोंधळला आणि आपण असं का केलं म्हणून तिच्याकडे पाहत राहिला.

तिने चेन उघडली. डोक्याकडे फडकं फिरवलं, सहा ग्रॅम. शेपटाकडे सरकत गेली तर तोच गोल, त्याच जागी, आणि त्यातून एक थेंब नुकताच ओघळत होता. तिने तळहात टेकवला. कापड आतून कोमट होतं.

फडकं भरलं एकशे अडुसष्ट.

 तिने मेखा उपटल्या तेव्हा म्हाताऱ्याने एकही हातात धरली नाही, नुसता लांब उभा राहिला. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते काट्याला त्या उतारावर कळलं. पिशवी पाठीवर होती आणि पाठीचा तेवढा भाग घाटभर गरम राहिला.

कारखान्यात ती पोचली तेव्हा मशीनं बंद होऊन बायका गेल्या होत्या. आत्या एकटीच टेबलाशी दोऱ्याच्या रिळी लावत बसली होती. काट्याने वही तिच्यापुढे ठेवली. आत्याने ती उघडलीसुद्धा नाही.

"पायाकडे, ना?" तिने विचारलं.

काट्याने मान हलवली.

"हे नेहमी शेपटाकडे डोकं करायचे," आत्या म्हणाली. "दाराकडे पाय असले की डोळे उघडताच बाहेरचं दिसतं म्हणायचे. डाव्या कुशीवर."

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. हा साचा तिचा नव्हता. आतोबांनी जाण्याआधी एकाच ताग्यातून दोन तंबू कापले होते, एक स्वतःसाठी आणि एक तिच्यासाठी. दोघांनी पुढच्या वेळी बरोबर जायचं, पण तंबू वेगवेगळे, कारण तिचं घोरणं त्यांना सोसत नव्हतं. ते आपला तंबू शिवून घेऊन गेले. तिचे कापलेले तुकडे घडी घालून ट्रंकेत सहा वर्षं पडून होते. गेल्या महिन्यात तिला वाटलं, आता शिवून टाकावेत. शिवून झाल्यावर तिने घराच्या गच्चीवर तंबू लावला आणि एक रात्र त्यात झोपली. सकाळी पाहिलं तर पायमोजे ओले.

"मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला," ती म्हणाली. "सांगू कुणाला? लेक म्हणेल, आईला डॉक्टरकडे न्या. तुझा काटा तेवढा कुणाची भीड धरत नाही. म्हणून तुला दिला. ताकाला जाऊन भांडं लपवलं, रागावू नकोस."

काटा रागावली नव्हती. तिने एवढंच विचारलं की आता काय करायचं. आत्या म्हणाली, रविवारी ये, कारखाना बंद असतो.

रविवारी भर दुपारी दोघींनी कटिंगच्या दालनात तंबू उभा केला. मेखा ठोकायला जमीन नव्हती, म्हणून दोऱ्या टेबलाच्या पायांना आणि मशीनच्या बैठकीला बांधल्या. खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता. आत्याने शेपटाकडे स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि उसवायची सुई हातात घेतली. पण लगेच सुरुवात केली नाही. आधी ती बोलली, घरातल्या माणसाशी बोलतात तसं, मान खाली घालून. काय काय झालं ते सांगत गेली. लेकीचं लग्न झालं. स्वयंपाकघराचा नळ शेवटी बदलला. त्यांच्या जागी आलेला कटर कापड वाया घालवतो.

काटा बाजूला उभी होती. कापड पातळ, त्यातून उजेड आरपार येत होता. शेपटाच्या डाव्या अंगाला आतून धुकटसा एक डाग उमटला, आरशावर फुंकर घातल्यावर उमटतो तसा. तो विरला, पुन्हा उमटला. आत्या बोलायची थांबली की तो लवकर पुन्हा उमटत नव्हता. जणू आतला कुणी ऐकायला श्वास रोखून धरत होता. काट्याने हे मोजलं नाही. मोजायचं तिच्या मनातही आलं नाही.

"अहो," आत्या म्हणाली, "सहा वर्षं तुम्ही कुठे पडलाय ते मला माहीत नाही. इथे माझ्या पायाशी येऊन निजलात, बरं वाटलं. पण माणसाने किती निजायचं? मी उसवते आता."

तिने शेपटाच्या टोकाचा पहिला टाका काढला. घाई अजिबात नव्हती. एकेक टाका सुईने उचलायचा, तोडायचा, दोरा ओढायचा. डाग तिच्या बोटांच्या जवळ सरकला आणि तिथेच राहिला. शिवण वीतभर उघडली तेव्हा आतून तिच्या मनगटावर गरम वाफ आली. काट्यालाही ती जाणवली, दोन हात अंतरावरून. आत्याचा हात थबकला. तिने मनगट गालाला लावलं, क्षणभर तसंच धरलं आणि पुढचा टाका उचलला.

शेपूट पूर्ण उसवलं तसं कापड सैल पडलं आणि जमिनीवर बसलं. डाग वाळला होता. पुढे संध्याकाळपर्यंत दोघी मिळून बाकीच्या शिवणी उसवत बसल्या. काट्याला ते काम येत नव्हतं. तिने दोन ठिकाणी कापड फाडलं आणि आत्याची बोलणीही खाल्ली. शेवटी टेबलावर सात तुकडे पडले, मास्तरांनी कापून ठेवले होते तसे. आत्याने प्रत्येकावरून तळहात फिरवला. सगळे गार आणि कोरडे.

मालकाने नमुन्याचं विचारलं तेव्हा काट्याने नापास म्हणून सांगितलं. का, तर शिवण टिकली नाही. बावीस वर्षांत आत्याच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मालक चकित होऊन आत्याकडे पाहत राहिला, आणि आत्याने मशीनवरून मान वर न करता, खरं आहे, म्हटलं.

त्या आठवड्यात आत्याने लेकीला बोलावून घेतलं. वडील आता नाहीत असं लिहून द्यायचे कागद लेक गेली तीन वर्षं सही करून मागत होती. ते दोघींनी मिळून भरले. कचेरीत आत्याबरोबर काटाही गेली होती. सही करून झाल्यावर टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, शेवटचं कधी पाहिलं होतं त्यांना? आत्याने सहा वर्षांपूर्वीची तारीख सांगितली. मग बाहेर पायऱ्यांवर येऊन ती काट्याचा हात धरून बराच वेळ बसून राहिली, आणि काटाही उठायची घाई न करता तिच्या शेजारी बसून राहिली.